तोंड सांभाळा, घर सांभाळा

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या आनंदाच्या दिवशी कर्करोगावर बोलायचे, हे काही जणांना रुचणार नाही. कमिटीतल्या एका ज्येष्ठ बंधूंनी आम्हांला तसे म्हटलेही, की अहो, वर्धापनदिन आहे, जरा उत्साहाचा विषय घ्या. त्यांचे म्हणणे चूक नाही. आम्ही त्यांना एवढेच विचारले, की गेल्या पाच-सात वर्षांत याच सभागृहात आपण ज्या पुण्यानुमोदनाच्या सभा घेतल्या त्या आठवून बघा. गेलेल्यांचे वय किती होते? आजार काय होता? ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, बोला.

आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९९० च्या आसपास आम्ही गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. शाळा अर्धवट सुटलेली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या ऑफिसात, वाचनालयात आणि आजारी कामगारांच्या सोबतीने हॉस्पिटलच्या बाकड्यावर. केसपेपर काढून देणे, रांगेत उभे राहणे, डॉक्टर काय म्हणाले ते घरच्यांना सोप्या भाषेत समजावून सांगणे, हे काम आम्ही बरीच वर्षे केले. त्यातून जे कळले आणि नंतर जे वाचून पडताळले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. पटेल ते घ्या. पटणार नाही ते महापालिकेच्या डॉक्टरांना विचारा. कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून बघा, ही तर आपल्या धम्माचीच शिकवण आहे.

हा आजार आहे तरी काय?

आपले शरीर लाखो-करोडो पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. कधी वाढायचे आणि कधी थांबायचे याचा हुकूम प्रत्येक पेशीच्या आत लिहिलेला असतो. तंबाखू, दारू, काही प्रकारची धूळ, धूर, काही विषाणू या हुकुमाची अक्षरे खराब करतात. शरीर ती दुरुस्तही करते. पण रोज तेच विष, रोज त्याच जागी पडत राहिले, तर एक दिवस एखादी पेशी हुकूम मानेनाशी होते. साच्यावर काम केलेल्यांना हे लगेच कळेल. ताण्याचा एक धागा तुटला आणि साचा थांबला नाही, तर पुढचे कापड बिघडतच जाते. कर्करोगात तसेच होते. साचा थांबत नाही.

हे सगळे घडायला दहा, वीस, कधी तीस वर्षेही लागतात. म्हणून आपल्या लोकांची फसगत होते. "आमच्या आज्यानं उभा जन्म तंबाखू खाल्ली, नव्वद वर्षं जगला, काय झालं त्याला?" हा प्रश्न आम्ही हजार वेळा ऐकला असेल. बाबांनो, ठाणे-बेलापूर रस्ता डोळे मिटून ओलांडणारा एखादा माणूस पलीकडे सुखरूप पोचतो. म्हणून आपण पोरांना डोळे मिटून रस्ता ओलांडायला शिकवतो का?

हा आजार कोणाला शिवल्याने, कोणाच्या ताटात जेवल्याने होत नाही. करणी-भानामतीने होत नाही. मागच्या जन्मीच्या पापाने तर मुळीच होत नाही. ज्यांनी आयुष्यात कसले व्यसन केले नाही अशांनाही होतो, लहान लेकरांनाही होतो. म्हणून आजारी माणसाकडे बोट दाखवून "तुझीच करणी" असे म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते, की एकूण कर्करोगांपैकी ३० ते ५० टक्के टाळता येण्यासारखे असतात. आजचे आमचे बोलणे त्या टाळता येणाऱ्या भागाबद्दल आहे.

जगभरच्या कर्करोगाचा जो अंदाज संशोधन संस्था काढतात, त्याप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १४ लाख नवे रुग्ण झाले आणि ९ लाखांवर माणसे दगावली. बायकांमध्ये पहिला नंबर स्तनाच्या कर्करोगाचा, दुसरा गर्भाशयाच्या मुखाचा. पुरुषांमध्ये पहिला नंबर तोंडाच्या कर्करोगाचा. स्त्री-पुरुष मिळून तोंडाच्या कर्करोगाचे त्या वर्षी सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते. तोंडाचा कर्करोग कशाने होतो हे शोधायला आता कुठे जायला नको. टपरीवर टांगलेल्या पुड्यांवरच चित्रासकट छापलेले आहे.

परळची ती इमारत

गिरणगावाच्या मधोमध, परळला, १९४१ साली टाटा हॉस्पिटल सुरू झाले. भोवती गिरण्यांची धुराडी आणि मध्ये कॅन्सरचे हॉस्पिटल. मुंबईत कोणाला कोणता कर्करोग होतो याची रीतसर नोंद १९६३ पासून सुरू झाली. अशी नोंद ठेवणारे हे देशातले पहिले शहर. पुढे १९८७ साली बार्शीला खेड्यापाड्यातल्या कर्करोगाची नोंद सुरू झाली, तीही देशातली पहिली. तोंडाच्या बाबतीत तर महाराष्ट्रात त्याआधीच मोठे काम झाले होते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत महाराष्ट्रातल्या १ लाख १ हजार ७६१ खेडूतांची तोंडे तपासली होती. म्हणजे आपल्याला आज जे सांगितले जाते ते विलायतेतून आलेले नाही. आपल्याच माणसांची तोंडे उघडून, बघून, मोजून ते शोधलेले आहे.

टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर तुम्ही कधी गेला असाल. पिशवीत फायली, उशाला चादरीची वळकटी. काही कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली असतात. तिथे साताऱ्याचा माणूस भेटतो, परभणीचा भेटतो, बिहारचा भेटतो. जबडा काढलेला माणूस नळीने दूध घेत असतो आणि शेजारी बायको बसलेली असते. सरकारी योजनेत उपचार होतीलही, आणि ते करून घ्यावेत. वेळेवर आलेली माणसे बरी होऊन घरी जातात, हेही आम्ही पाहिले आहे. पण काढलेला जबडा योजनेत परत मिळत नाही.

गिरणीत तंबाखू का आली?

तंबाखूला नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही. ती आपल्या तोंडात का आली हे समजून घेतले पाहिजे.

गिरणीत सगळीकडे कापूस. एक ठिणगी पडली तर खाते पेटेल, म्हणून आत बिडी ओढायला बंदी. मग माणूस तंबाखू मळायचा. तिसरी पाळी, डोळ्यांवर झोप, यंत्राचा आवाज एवढा की शेजाऱ्याशी बोलता येत नाही. चुना लावून बार भरला की तेवढी झोप उडते, भूकही मरते. डबा उशिरा मिळाला तरी चालते. म्हणजे तंबाखू ही चैन म्हणून आलेली नाही. भूक, थकवा आणि जागरण यांच्यावरचा तो स्वस्तातला उपाय होता. आजही मार्केटमध्ये रात्री गाडी खाली करणारा माथाडी, रात्रपाळीचा वॉचमन, ट्रकवरचा क्लीनर, एमआयडीसीतला कंत्राटी पोरगा याच कारणाने पुडी फोडतो. हे ज्याला कळत नाही त्याचे भाषण त्या पोराला पटणार नाही.

पण आणखी एक गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचा खात्यात घेत नसत. कारण काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. आपल्या तोंडचा धागा इतरांना चालत नव्हता. चांगला पगार त्या खात्यात आणि ते खाते आपल्याला बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलून धरला. ज्या तोंडाला विटाळ म्हटले गेले, त्या तोंडाच्या मानासाठी बाबासाहेब भांडले. आज त्याच तोंडात आपण आपल्या पैशाने विष भरतो, आणि कोणी हटकले तर "माझं तोंड, माझा पैसा" म्हणतो. बंधूंनो, तोंड तुमचे आहे हे खरे. म्हणूनच ते सांभाळायचे.

पुडी, सुपारी आणि मिश्री

२०१६-१७ च्या सरकारी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या शंभर माणसांमागे जवळपास २७ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यांत ओढणारे चारसुद्धा नव्हते. चघळणारे आणि दातांना लावणारे मात्र २४ पेक्षा जास्त होते. म्हणजे आपल्याकडचा खरा शत्रू धुराचा नाही, चघळण्याचा आहे. बिडीवाल्यांनी मात्र यात समाधान मानू नये. बिडी सिगारेटपेक्षा बरी, हा समज खोटा आहे. ती फुप्फुसाला आणि घशालाही धरते, आणि एका खोलीच्या घरात ओढली तर बायकोपोरांनाही तिचा धूर जातो.

तंबाखूबरोबर चुना असतो. चुन्याने तोंडाची आतली कातडी सोलवटते आणि तंबाखूचे विष रक्तात लवकर जाते. रोज एकाच गालात, एकाच जागी बार धरला की तीच जागा खराब होत जाते. आधी पांढरा चट्टा पडतो, दुखत नाही. माणूस म्हणतो, दुखत नाही ना, मग कशाला दाखवायचे? याच ठिकाणी घात होतो. सुरुवातीचा कर्करोग बहुतेक वेळा दुखत नाही.

तरुण पोरांचा आवडता युक्तिवाद असा, की आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो. तर ऐका. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सुपारीलाच कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घालते, तंबाखू नसली तरी. सुपारीने गालाची आतली कातडी कडक दोरीसारखी होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. आपल्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. जात नसतील तर डॉक्टरला दाखवा. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने ही परीक्षा करावी. वीस-बावीस वर्षांच्या पोरांची दोन बोटे जात नाहीत, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. वडापाव खाताना तिखटाने डोळ्यांत पाणी येते, मोठा घास घेता येत नाही, आणि पोरगा घरात सांगत नाही.

२०१२ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्र सरकारने गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. कायदा चांगला. तरी माल कुठे मिळतो हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. शाळेपासून शंभर यार्डाच्या आत तंबाखू विकायची नाही, अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला विकायची नाही, असा २००३ चा केंद्राचा कायदा आहे. तो आपल्या गल्लीत पाळला जातो का, हे बघणे पोलिसांचे काम आहे आणि त्यांना आठवण करून देणे आपले काम आहे. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. पुडी आणायला आपण कोणाला पाठवतो? आपल्याच पोराला ना?

आता भगिनींशी बोलायचे आहे. मिश्री ही व्यसनात धरलीच जात नाही. ती दात घासायची वस्तू समजली जाते. पण तव्यावर काळी होईपर्यंत भाजली तरी ती तंबाखूच आहे. सकाळी एकदा म्हणून सुरुवात होते, मग भांडी घासताना, मग दुपारी, मग झोपताना. पुष्कळ आयाबाया सांगतात, की मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं. डोकं धरतं ते दातांमुळे नाही. अंगाला तंबाखूची सवय लागली आहे म्हणून धरतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या एका अभ्यासात, गरोदरपणी मिश्री किंवा तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची भरली. म्हणजे जन्माला न आलेल्या लेकराच्या ताटातूनही ती वाटा काढून घेते. १९९२ पासून दंतमंजनात तंबाखू घालायला देशात बंदी आहे. बाजारातल्या मंजनात जी चालत नाही, ती आपल्या घरच्या डबीत कशाला?

सोडायचे कसे?

"सोडा" म्हणणे सोपे असते. पहिले तीन-चार दिवस फार वाईट जातात. चिडचिड होते, झोप उडते, पोट साफ होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ताण कमी होतो. सवय असलेल्यांनी सोडताना काय केले, ते सांगतो.

तलफ आली की ती पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्यायचे, जागा बदलायची, चार पावले चालायची. तोंडात काही तरी लागतेच, तर बडीशेप, लवंग, भाजलेला ओवा, फुटाणे ठेवा. सुगंधी सुपारी ठेवू नका, तो एका खड्ड्यातून दुसऱ्यात उडी मारण्याचा प्रकार आहे. पोटासाठी सकाळी कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी. घरातली डबी, चंची, मिश्रीचा डबा सगळे एकाच दिवशी बाहेर. आणि सोडणार असल्याचे चारचौघांत सांगा. एकट्याने सोडलेली पुडी एकट्यात परत सुरू होते. दोघा-तिघांनी मिळून सोडली तर एक घसरताना दुसरा हात धरतो. १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट फोन नंबर तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो, तिथे सोडण्यासाठी सल्ला मिळतो. सरकारी दवाखान्यातही विचारा.

आता इतकी वर्षे खाल्ली, आता सोडून काय उपयोग, असे पन्नाशीची माणसे म्हणतात. उपयोग आहे. १९८६ साली आपल्याच देशातल्या ३६ हजार तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या खेडूतांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना समजावून सांगितल्यावर सोडता आली, त्यांच्या तोंडात नवे पांढरे चट्टे येण्याचे प्रमाण घटले. धूर सोडणाऱ्याचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दहा वर्षांत जवळपास निम्म्यावर येतो. शरीर दुरुस्तीला तयार असते. आपण विष थांबवले पाहिजे.

पैशाचा हिशोबही मांडा. दिवसाला तीस रुपयांच्या पुड्या धरल्या तरी वर्षाचे १०,९५० रुपये होतात. पोरीच्या वह्या-पुस्तकांना पैसे नाहीत म्हणणाऱ्या घरातून हे पैसे टपरीवर जातात.

दारू

दारूबद्दल या जागी फार बोलायची गरज पडू नये. पंचशीलातले पाचवे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आम्ही फक्त डॉक्टरी बाजू सांगतो. दारूने तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, आतडे आणि बायकांमध्ये स्तन यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. देशी असो, इंग्लिश असो, बियर असो. थोडी घेतली तर चालते, यालाही आधार नाही. इतकीच घ्या म्हणजे धोका नाही, असे कोणतेही प्रमाण नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. आणि तंबाखू व दारू एकत्र आली, तर धोका नुसता दुप्पट होत नाही, दोघी एकमेकींना जोर देतात.

ताटात काय, अंगाला काय

कर्करोग टाळण्यासाठी महागडी पावडर किंवा परदेशी फळे लागत नाहीत. आपण तुर्भ्याचे लोक. अर्ध्या मुंबईची भाजी आपल्या दारातल्या मार्केटात उतरते. संध्याकाळी माल स्वस्त होतो. मेथी, शेपू, चवळी, कोबी, गाजर, पेरू, मोसंबी जे स्वस्त असेल ते घ्या, धुऊन खा. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, डाळ हे आपले जुने जेवण चोथ्याचे आहे आणि आतड्याला ते चांगले. मटण रोज खाण्याची आपली ऐपत नाही, त्यामुळे तिथे उपदेश नको. डबाबंद, खारवलेले, धुरावलेले मांस मात्र टाळा. बुरशी धरलेले शेंगदाणे, काळे पडलेले दाणे स्वस्त मिळाले म्हणून चटणीत घालू नका. त्या बुरशीच्या विषाने लिव्हरचा कर्करोग होतो, आणि ते भाजून जात नाही. चहा उकळता उकळता घशाखाली ओतू नका. फार कढत पेयाने अन्ननलिकेला धोका वाढतो. दोन मिनिटे बशीत निवू द्या.

पूर्वी आपली माणसे चालायची. आता दहा पावलांवर रिक्षा, आणि रात्री मोबाईल. वाढलेल्या वजनाने स्तनाचा, गर्भाशयाचा, आतड्याचा कर्करोग वाढतो. आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटे जरा जोराने चालले तरी पुरते. बाळाला अंगावर पाजल्याने आईचाही स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो.

धूळ, धूर आणि पिंपे

सगळेच आपल्या सवयीवर ढकलणे खरे नाही. दगडखाणीत, क्रशरवर, लादीच्या पॉलिशमध्ये काम केलेल्यांच्या छातीत बारीक गारेची धूळ जाते. तिने दम लागतो, आणि फुप्फुसाचा कर्करोगही होऊ शकतो. जुने सिमेंटचे पत्रे, ज्यांत ॲस्बेस्टॉस असते, ते कोरडे कापू नयेत, फोडू नयेत. पाणी मारून सबंध उतरवावेत. डिझेलचा धूर आणि जळणारे प्लास्टिक यांच्या धुरातही कर्करोग करणारी विषे आहेत. थंडीत कोपऱ्यावर शेकोटी पेटते, त्यात रबर, थर्माकोल, पिशव्या टाकू नका. आणि एमआयडीसीतून स्वस्तात मिळणारी केमिकलची निळी पिंपे प्यायच्या पाण्याला वापरू नका. आत काय होते ते आपल्याला ठाऊक नसते, आणि नुसते धुऊन ते जाईलच असे नाही.

मास्क, पाण्याचा फवारा, हात धुवायला साबण-पाणी हे मालकाने द्यायचे असते. एकेकट्याने मागितले तर काम जाते. चार जणांनी मिळून, कागदावर मागायचे. हीही कर्करोग टाळण्याची राहणीच आहे.

लस आणि तपासणी

आता एक गोष्ट सांगतो, ती विशेषतः आपल्या मुलींसाठी. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास केला. दीड लाख बायका. त्यांच्यातल्या निम्म्यांची गर्भाशयाच्या मुखाची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. तपासणी कशाने केली? पातळ केलेल्या व्हिनेगरने. ते लावल्यावर खराब जागा पांढरी दिसते. तपासणाऱ्या कोण होत्या? मोठ्या डॉक्टरीण नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायका, त्यांना चार आठवड्यांचे शिक्षण दिलेले. २०१३ साली निकाल जाहीर झाला. तपासणी झालेल्या बायकांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. त्याच बायकांची स्तनांचीही हाताने तपासणी होत होती. २०२१ मध्ये त्याचा निकाल आला, की पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. दहावी शिकलेल्या बाईचा हात आणि घरातल्यासारखे व्हिनेगर! आपल्या वस्तीत दहावी-बारावी झालेल्या किती मुली आहेत, मोजा.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतेक एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्यावर लस आहे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना दिली तर सर्वांत चांगली. २०२३ पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली देशी लसही आली आहे. सरकारी दवाखान्यात चौकशी करा. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवू नये. काविळीच्या बी प्रकाराची लस लेकरांना सरकारी लसीकरणात मिळते, ती लिव्हरच्या कर्करोगापासून वाचवते. ती चुकवू नका.

आणि लाज. स्तनात गाठ लागते, दुखत नाही, म्हणून बाई वर्षभर सांगत नाही. पाळी गेल्यावर परत अंगावरून जाते, ती म्हणते, होईल बरे. सुनेला सासूजवळ आणि बायकोला नवऱ्याजवळ हे सांगता आले पाहिजे. पुरुषांनो, हे ऐकून घेणे आणि सोबत दवाखान्यात जाणे हे तुमचे काम आहे.

म्हणून ही खूणगाठ बांधा. तोंडातला फोड किंवा चट्टा पंधरा दिवसांत गेला नाही, मानेत किंवा स्तनात गाठ लागली, आवाज बसलेला सुटेना, गिळायला अडकते, अवेळी अंगावरून जाते, शौचात रक्त पडते, तर लगेच महापालिकेचे नागरी आरोग्य केंद्र किंवा वाशीचे रुग्णालय गाठा. खारघरला टाटाचेच ॲक्ट्रेक केंद्र आहे, तुर्भे स्टेशनवरून एका गाडीने जाता येते. तुकडा काढून तपासला, सुरी लागली की रोग पसरतो, हा समज खोटा आहे. त्या भीतीने झाडपाल्यात घालवलेल्या सहा महिन्यांनी माणसे गेली आहेत.

विहाराने काय करावे?

आमचे म्हणणे शेवटी एकच आहे. व्यसन एकट्याचे दिसले तरी ते वस्तीत लागते आणि वस्तीतच सुटते. म्हणून विहार कमिटीपुढे आम्ही पुढील सूचना ठेवतो.

१. विहाराच्या आवारात आणि पायरीवर तंबाखू, सुपारी, मिश्री, बिडी पूर्ण बंद.

२. लग्न, साखरपुडा, नामकरण, पुण्यानुमोदन यांत पानसुपारीचे तबक फिरवणे बंद. त्याजागी बडीशेप आणि खडीसाखर.

३. पुडी आणायला लेकरांना पाठवायचे नाही. ज्या घराने हे पाळले त्याने शेजाऱ्यालाही सांगायचे.

४. महिन्याच्या एका रविवारी उजेडात आरसा घेऊन तोंड तपासायचा कार्यक्रम. तीन बोटांची परीक्षा, गाल, जीभ, हिरड्या बघणे. शंका वाटेल त्याला कार्यकर्त्याने स्वतः सोबत दवाखान्यात न्यायचे.

५. महिला मंडळाने आरोग्य केंद्रात बोलून तिशीच्या पुढच्या भगिनींच्या तपासणीची तारीख ठरवून घ्यावी आणि एकत्र जावे.

६. सोडणाऱ्यांचा एक गट. दर रविवारी वंदनेनंतर पंधरा मिनिटे बसायचे. कोण घसरला त्याला हसायचे नाही, परत सुरुवात करायला लावायचे.

यातले एकही काम पैशावाचून अडणारे नाही. पुढच्या वर्धापनदिनी कमिटीने याच मंचावरून एवढेच वाचून दाखवावे, की वर्षभरात किती तोंडे तपासली, किती जणांना दवाखान्यात नेले, किती जणांनी पुडी टाकली. आकडा लहान असला तरी चालेल, पण तो खरा असावा.

आपल्या आईबापांनी अर्धपोटी राहून आपल्याला शिकवले आणि हे विहार विटा वाहून उभे केले. या घरातली माणसे चाळिशी-पन्नाशीत पुडीपायी जाऊ नयेत, एवढीच आमची तळमळ आहे. एवढे बोलून आम्ही आमचे चार शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!